ताई, चर्चच्या नर्सरीत बाळाला सोडवत नाही

मूळची नगरची, आता टेक्सासात डॅलसजवळ राहणारी एक आई व्हिडिओ कॉलवर भेटली. (तिच्या परवानगीने आणि तपशील बदलून लिहिते आहे.) बाळ ९ महिन्यांचं. तिकडच्या बऱ्याच चर्चमध्ये उपासनेच्या वेळी तान्ह्या मुलांसाठी वेगळी खोली असते, तिला नर्सरी म्हणतात. मंडळीतलेच स्वयंसेवक तिथे मुलं सांभाळतात.

"सगळे म्हणतात, ठेव बाळाला आणि निवांत उपदेश ऐक. आई फोनवर म्हणते, आपल्याकडे बाळ मांडीवरच असायचं की, रडलं तर एखादी मावशी बाहेर फिरवून आणायची. ताई, कुणाचं ऐकू?"

पहिल्या भेटीत मी चुकलेच. "तासाभराचा तर प्रश्न आहे गं," म्हणून बसले. ती गप्प झाली. पुढच्या वेळी मी नीट विचारलं, तिथे नेमकं काय होईल असं वाटतं? तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी बाहेर आल्या. एक, अनोळखी माणसं बाळाला कसं वागवतील. दुसरी तिने अडखळत सांगितली: "चौथ्या महिन्यात तो कुणाकडेही जायचा. आता मी दारापाशी गेले तरी आकांत करतो. माझंच काहीतरी चुकलंय."

पहिल्या भीतीवर माझ्याकडे दिलासा नव्हता, कारण ती रास्त होती. तिला म्हटलं, जाऊन विचार. खोलीत कायम किमान दोन मोठी माणसं असतात का, तीही एकाच घरातली नसलेली? स्वयंसेवकांची पार्श्वभूमी तपासतात का? डायपर कोण बदलतं, बाळाला न्यायला आलेल्याची ओळख कशी पटवतात? झोपवतात कसं, हेही विचार. बाळाला पाठीवर झोपवा, अशी मोहीम अमेरिकेत १९९४ मध्ये सुरू झाली; पाळण्यात उशी-पांघरूणही नको. ती कागदावर प्रश्न लिहून गेली. बाळाच्या पाठीवर आणि आईच्या चिठ्ठीवर एकच आकडा असतो, तो जुळल्याशिवाय बाळ देत नाहीत, हे कळल्यावर तिचा अर्धा जीव भांड्यात पडला. उत्तरं गुळमुळीत मिळाली असती, तर मीच म्हटलं असतं, नको ठेवूस.

दुसरी भीती प्रश्नांनी जाणारी नव्हती. साधारण सहा-आठ महिन्यांपासून बाळाला उमगायला लागतं की आई दिसेनाशी झाली तरी ती कुठेतरी असते. पण ती परत येईल का आणि कधी, हे त्याला कळत नाही. म्हणून आकांत. चार महिन्यांचं बाळ कुणाकडेही जातं, कारण त्याला अजून हा हिशेबच मांडता येत नाही. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी साधारण वर्ष-दीड वर्षाच्या मुलांचं निरीक्षण केलं, तेव्हा आई गेल्यावर मूल किती रडतं यापेक्षा ती परतल्यावर तिच्याकडे येऊन कसं शांत होतं, यावर त्यांचा भर होता. "तुझा येतो ना तुझ्याकडे?" "मानेला मिठीच मारतो."

मग घरी ओढणीआड लपून 'कुक' करायचं, स्वयंपाकघरात जाताना "आले हं" म्हणायचं आणि खरंच यायचं, असं सुरू झालं. एका रविवारी ती बाळासोबत नर्सरीतच बसली. पुढच्या रविवारी फक्त गाणी होईपर्यंत बाहेर. गुपचूप सटकायचं नाही, हे मी दोनदा बजावलं. आज्यांचा हा लाडका उपाय, पण त्याने बाळ जास्तच बिलगतं.

तिसऱ्या रविवारी उपदेशाच्या मध्यात तिचा फोन थरथरला. नर्सरीतून निरोप होता, बाळाचं रडणं थांबत नव्हतं. कडेवर घेताच दोन मिनिटांत हुंदके थांबले. संध्याकाळी तिचा मेसेज आला, "हरले ना मी?"

मी लिहिलं, "त्यांनी बोलावू म्हटलं होतं, बोलावलं. तू येईन म्हटलं होतंस, आलीस."

पुढचे दोन रविवार ती बाळाला मांडीवर घेऊन मागच्या रांगेत बसली. मी काही बोलले नाही. त्यानंतरच्या शनिवारी तिनेच कळवलं, "उद्या परत गाण्यांपुरतं ठेवून बघते."