ओझोन आणि यूव्ही असलेल्या घरगुती स्पा टबला क्लोरीन लागत नाही, हे खरं आहे का?

खरं नाही. टब जरूर घ्या, पण "औषध लागतच नाही" या बोलीवर घेऊ नका.

तुम्ही लिहिलंय की खानापूरजवळच्या फार्महाऊसवर चार माणसांचा, हजार लिटरचा टब बसवायचाय. आई-वडिलांचे गुडघे दुखतात, पाणी बोअरचं आहे, मुक्काम शनिवार-रविवार. विक्रेता सांगतोय की ओझोन (जंतू मारणारा वायू) आणि यूव्ही (अतिनील प्रकाशाचा दिवा) दोन्ही आहेत, त्यामुळं क्लोरीनची कटकट नाही. मी बेळगावात अठरा वर्षं पाण्याच्या मशिनींचं काम करतो. सॉफ्टनर (जड पाणी मवाळ करणारं मशिन), आयर्न फिल्टर, पोहण्याचे तलाव आणि अलीकडं हे टबसुद्धा. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. टब म्हणजे छोटा पोहण्याचा तलाव नव्हे. तलावात लाखभर लिटर थंड पाण्यात दहा माणसं उतरतात, इथं हजार लिटर कोमट-गरम पाण्यात चौघं बसतात. घाम, तेल, कातडीचा मळ सगळा त्या हजार लिटरमध्ये. शिवाय पाणी ३७-३८ अंशावर. जंतू वाढवायला प्रयोगशाळेत जी ऊब देतात तीच ही ऊब, आणि त्याच उबेत क्लोरीन लवकर उडतं. जेटमधून हवा घुसळली की आणखी लवकर.

आता ओझोन. ओझोन वाईट नाही, उलट फार जोरदार आहे. यंत्रात हवेतून विजेची ठिणगी खेळवून ओझोन तयार करतात आणि एका अरुंद नळीतून पाण्यात ओढून घेतात. पाण्यातलं तेल, घामाचे अंश तो जाळून टाकतो, जंतूही मारतो. पण तो टिकत नाही. गरम पाण्यात तर काही मिनिटांत संपतो. म्हणजे नळीत पाणी स्वच्छ होतं, आणि टबात तुमच्या वडिलांच्या शेजारी आई बसलेली असते तिथं त्याचा पत्ता नसतो. एकाच्या अंगावरून सुटलेला जंतू दुसऱ्याच्या अंगाला लागायच्या आत मारायचा, तर मारणारं औषध त्या क्षणी त्याच पाण्यात हजर पाहिजे. ते काम क्लोरीन किंवा त्याच जातीचं ब्रोमीन करतं. टबात ओझोनच साठवून ठेवायला बघाल तर तो वायू पाण्यावर, झाकणाखाली साचतो आणि फुप्फुसाला त्रास देतो.

यूव्हीचंही तसंच. दिव्यातून २५४ नॅनोमीटरचा प्रकाश निघतो, समोरून जाणाऱ्या जंतूची वाढ थांबते. क्लोरीनला दाद न देणारे काही परजीवीसुद्धा यूव्हीपुढं टिकत नाहीत, हा त्याचा मोठा गुण. पण दिव्यासमोरून जे पाणी गेलं तेवढंच. बाकीचं टबात, पाइपात, फिल्टरच्या घड्यांत जसंच्या तसं.

हे नुसतं पुस्तकी नाही. मागं एकदा हिंदवाडीतल्या एका घरी बोलावणं आलं. गच्चीवर टब, ओझोनवाला, चार महिने वापरात. पाणी दिसायला नितळ, तळातला स्क्रू मोजता यावा असं. पण घरातल्या तिघांच्या पाठीवर, मांड्यांवर लाल पुटकुळ्या उठलेल्या. ज्या भागाला पोहायचे कपडे चिकटून बसतात तिथं जास्त. मी विचारलं, क्लोरीन किती घालता? घरमालक म्हणाले, "औषध न घालता चालतंय म्हणून तर घेतलोय की हो!" जेटची एक तोंडपट्टी फिरवून काढली आणि आत बोट घातलं. बोटाला राखाडी, बुळबुळीत थर आला, शिळ्या भाताच्या पेजेसारखा. त्यांच्या सूनबाई शेजारी उभ्या होत्या, त्या दोन पावलं मागं सरल्या. सगळ्या पाइपांच्या आतून तो थर होता. जंतू स्वतःभोवती असा चिकट थर करून राहतात, आणि एकदा तो बसला की वरून ओझोनचं पाणी वाहत राहिलं तरी आतले सुखरूप. पाइप साफ करायचं औषध घालून जेट सुरू केले तेव्हा पाण्यावर तपकिरी फेसाचा तवंग आला. दोनदा टब रिकामा करून धुवावा लागला. पुटकुळ्यांना डॉक्टरांनी गरम टबातल्या पाण्याचंच कारण सांगितलं. स्यूडोमोनास नावाचा जंतू यामागं बहुतेक वेळा असतो.

पुटकुळ्या आठवड्यात जातात. लेजिओनेला हा जंतू मात्र जिवावर उठतो, आणि तो टबात न उतरणाऱ्यालाही गाठतो, कारण तो जेटच्या बारीक तुषारांबरोबर श्वासात जातो. १९९९ साली नेदरलँड्समधल्या बोव्हेनकार्स्पेल गावी फुलांचं प्रदर्शन होतं, तिथं नमुन्याला म्हणून चालू ठेवलेल्या टबापासून साथ पसरली आणि किमान ३२ माणसं दगावली. त्यातली बहुतेक नुसती शेजारून चालत गेली होती. साठीच्या पुढची माणसं, साखरेचा आजार असलेली, धूम्रपान करणारी यांना धोका जास्त. तुम्ही टब ज्यांच्यासाठी घेताय ते नेमके याच वयाचे आहेत, म्हणून एवढं जीव तोडून लिहितोय.

अमेरिकेतल्या सीडीसीचा (सरकारी रोगनियंत्रण संस्थेचा) गरम टबांसाठीचा दंडक सरळ आहे: क्लोरीन किमान ३ पीपीएम (म्हणजे लिटरमागं ३ मिलिग्रॅम), ब्रोमीन असेल तर किमान ४, पीएच (पाण्याची आम्लता सांगणारा आकडा) ७.० ते ७.८, आणि पाणी ४० अंशांच्या वर नको. मी पीएच ७.२ ते ७.६ मध्ये ठेवतो. कारण क्लोरीनचा जो भाग जंतू मारतो तो पीएच वाढला की कमी होतो. ७.५ ला निम्मा कामाचा, ८ वर जेमतेम चौथाई. तपासणीच्या पट्टीवर क्लोरीन ३ दिसतंय आणि तरी पाणी आजारी, असं का होतं ते इथं कळतं. ब्रोमीन पीएच ८ लासुद्धा बऱ्यापैकी काम करतं, उबेत जास्त टिकतं, वास कमी. पण महाग, उन्हात लवकर संपतं, आणि आपल्याकडं वेळेवर मिळेलच असं नाही. ब्रोमीनसोबत ओझोनची जोडी मात्र छान जमते, वापरलं गेलेलं ब्रोमीन ओझोन पुन्हा जिवंत करतो.

आता आपल्या भागाच्या पाण्याबद्दल, कारण टबाच्या माहितीपत्रकात हे कधीच नसतं. बेळगाव शहरात राकसकोप आणि हिडकलचं पाणी येतं, ते धरणाचं, मवाळ. शहापूर-वडगावच्या जुन्या विहिरींचं त्याहून जड. चिकोडी-अथणीकडं काळ्या रानातल्या बोअरचं पाणी घेतलंत तर गिझरची कॉइल पांढरी होते, तेच तुमच्या टबाच्या हीटरचं होणार. खानापूरकडं जांभा दगड, तिथं लोहाची भीती. बोअरचं पाणी काढल्या काढल्या स्वच्छ दिसतं, अन् क्लोरीनचा पहिला चमचा पडला की चहासारखं तांबूस होतं. टबाच्या पांढऱ्या अंगाला तो डाग बसला की निघता निघत नाही. म्हणून टब ठरवायच्या आधी बोअरच्या पाण्याची तपासणी करून घ्या: हार्डनेस (जडपणा), अल्कलिनिटी (पीएच सावरून धरणारे क्षार), लोह, टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार). टबाला १५० ते २५० पीपीएम हार्डनेस बरा. बोअरचं ५०० असेल तर अर्धं पाणी सॉफ्टनरचं घाला. पूर्ण सॉफ्टनरचंही नको, अगदी मवाळ पाणी धातूचे भाग खातं आणि फेस फार होतो.

याच कारणानं मिठावर चालणारी यंत्रणा मी तुम्हाला सुचवणार नाही. कल्पना सुंदर आहे, पाण्यात थोडं मीठ विरघळवायचं आणि विजेच्या पट्ट्यांवरून जाताना त्याचंच क्लोरीन करायचं. पण जड पाण्यात पट्ट्यांवर चुन्याचं कवच चढतं, पीएच सारखा वर पळतो, आणि लाईट गेली की क्लोरीन तयार होणंही थांबतं. यूव्हीच्या काचनळीलाही हेच कवच चढतं, मग आतला दिवा जळत असतो पण प्रकाश पाण्यापर्यंत पोचत नाही. दिवासुद्धा साधारण वर्षभरात मंदावतो. जळतोय म्हणजे काम करतोय, असं धरू नका. ओझोनचं यंत्र पावसाळ्यात ढिलं पडतं, दमट हवेत ओझोन कमी तयार होतो. खानापूरचा पाऊस तुम्हाला मी सांगायला नको. चांदी-तांब्याच्या कांड्या विकतात त्यांचं काम फार सावकाश, आधार म्हणून ठेवा, भिस्त ठेवू नका.

मग करायचं काय? ओझोन आणि यूव्ही असलेलाच टब घ्या, त्यामुळं क्लोरीन कमी खर्च होतं, पाणी जास्त दिवस चांगलं राहतं. सोबत रोजचं क्लोरीन. नवीन पाणी भरलं की डायक्लोर पावडर (पाण्यात विरघळणारं क्लोरीनचं औषध) वापरा. हजार लिटरला ३ पीपीएम म्हणजे साधारण साडेपाच ग्रॅम, एक सपाट चमचा. पण डायक्लोर प्रत्येक वेळी मागं सायन्युरिक अॅसिड सोडतं, ते साचलं की क्लोरीन सुस्त होतं. म्हणून एकूण साठेक ग्रॅम डायक्लोर टबात पडलं की पुढं पाणी बदलेपर्यंत द्रव सोडियम हायपोक्लोराइट घाला, १० टक्क्यांचं असेल तर तेवढ्याच मात्रेला ३० मिली. हायपोचा कॅन छोटा घ्या आणि सावलीत ठेवा, उन्हाळ्यात त्याचा जोर उतरतो. औषध घातल्यावर जेट चालू आणि झाकण पंधरा-वीस मिनिटं उघडं.

गावात विहिरीत टाकतात ती टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टबात नको, चुना वाढतो आणि तळाला गाळ बसतो. पोहण्याच्या तलावाच्या सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या तर अजिबात नकोत, त्या फार आम्ल असतात, हीटर खातात. आणि कुठलीही दोन औषधं कोरडी एकमेकांत मिसळू नका. त्या गोळ्या आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली तर भडका उडू शकतो. क्लोरीनच्या औषधात अॅसिड पडलं तर विषारी वायू सुटतो. डबे वेगळे, चमचे वेगळे, आणि राखणदाराला हे तोंडी नव्हे, समोर उभं करून दाखवून सांगा.

कारण तुमची खरी अडचण टब नाही, मधले पाच दिवस आहेत. सोमवार ते शुक्रवार गरम पाणी बंद झाकणाखाली नुसतं पडून राहिलं तर शनिवारी त्यात आई-वडिलांना बसवू नका. राखणदारानं रोज पंप फिरवायचा, तपासायचं, औषध घालायचं, वहीत लिहायचं. तपासणीला पट्ट्यांपेक्षा डीपीडीचे थेंब किंवा गोळ्या बऱ्या, पाणी गुलाबी होतं आणि रंग बघून आकडा मिळतो. एक खुबी लक्षात ठेवा: क्लोरीन खूपच जास्त झालं तर गुलाबी रंग उमटतो आणि लगेच उडून जातो. माणसाला वाटतं क्लोरीन शून्य, आणि तो आणखी घालतो. शंका आली तर टबाचं पाणी चांगल्या पाण्यात निम्मं करून पुन्हा बघायचं. आणि नाकाला झोंबणारा "क्लोरीनचा वास" आला तर क्लोरीन जास्त झालं असं समजू नका. बहुतेक वेळा ते कमी पडलेलं असतं, घामाशी जुळून अर्धमेलं झालेल्या क्लोरीनचा तो वास. तेव्हा जास्त मात्रा द्यायची आणि ती उतरेपर्यंत कुणी बसायचं नाही. राखणदाराकडून रोज होणार नसेल तर सरळ रविवारी टब रिकामा करून, पुसून कोरडा ठेवा, पाइपातलं पाणीसुद्धा काढा. पाणी जाईल, पण सुरक्षित.

गुडघ्यांना तेल चोळून मग गरम पाण्यात बसायची आपल्याकडं पद्धत आहे. इथं उलट करा. आधी साबणानं आंघोळ, मग टब, आणि अंग कोरडं झाल्यावर तेल. एका माणसाच्या पायाचं तेल रात्रभराचं क्लोरीन खातं आणि फिल्टरच्या घड्या बुजवतं. फिल्टर आठवड्याला नळाखाली धुवायचा. पाण्याचं तापमान आई-वडिलांसाठी ३७-३८ पुरे, एका वेळी दहा-पंधरा मिनिटं. रक्तदाबाची किंवा हृदयाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

पाणी कधी बदलायचं, त्याचा ठोकताळा असा: टबाचे लिटर भागिले साडेअकरा, त्याला पुन्हा रोज बसणाऱ्या माणसांनी भागा. हजार लिटर आणि रोज दोघं असतील तर त्रेचाळीस-चव्वेचाळीस दिवस. तुमचा वापर दोनच दिवसांचा, तरी मी तीन महिन्यांच्या वर नेणार नाही. काढलेलं पाणी दोन दिवस उघडं ठेवून, क्लोरीन शून्य झालं की नारळाच्या आळ्यात सोडा. विहिरीच्या किंवा बोअरच्या तोंडाजवळ नको.

बोअरच्या पाण्याचा रिपोर्ट आला की हार्डनेस आणि लोहाचे आकडे इथंच उत्तराखाली टाका. सॉफ्टनर लागेल की नुसता आयर्न फिल्टर पुरेल, ते बघून सांगतो. तोपर्यंत विक्रेत्याला आगाऊ रक्कम देऊ नका.