आईला आमवात आहे. आजार वाढेल या भीतीवर समुपदेशनाचा उपयोग होतो का?

होतो, आणि वाट बघत बसू नका. गुहागरला राहणाऱ्या तुमच्या आईची तपासणीची तारीख जवळ आली की झोप उडते, असं तुम्ही लिहिलंय. आमवात खरंच वाढू शकतो, त्यामुळे तिची भीती उगीचची नाही. म्हणूनच "काही होत नाही गं" म्हटल्यानं ती जात नाही; फार तर आई बोलायची थांबते.

चांगला समुपदेशक आईला ही भीती शेवटपर्यंत बोलून दाखवायला लावतो. नेमकं काय होईल असं वाटतं? बोटं वळेनाशी झाली तर विहिरीचं पाणी कोण काढेल, मासे कोण साफ करेल? तेव्हा कोणाची मदत घेता येईल? धूसर भीतीला असा आकार आला की तिचा जोर ओसरतो. जर्मनीत आमवात आणि कर्करोगाच्या रुग्णांसाठी याच धर्तीवर गटसत्रं घेऊन पाहिली गेली आहेत.

सुरुवात घरूनच करा: टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, फोन १४४१६. मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. प्रत्यक्ष भेटायचं तर रत्नागिरीचं जिल्हा रुग्णालय किंवा प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. मनोरुग्णालय या नावाला बिचकू नका, लोक काय म्हणतील हे तर सोडाच.

स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर त्यांनीही झोप उडते, डॉक्टरांना विचारा. स्वतःहून बंद मात्र करू नका. आई जेवण टाळू लागली किंवा "जगून काय करू" म्हणाली, तर त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांना दाखवा.