शिडाच्या जहाजाची बारकाव्यांसह प्रतिकृती घरच्या टेबलावर कशी करावी: लाकडाची की पुठ्ठ्याची?

आपण एकाच प्रश्नात तीन गोष्टी विचारल्या आहेत: जहाज कोणते निवडावे, ते लाकडाचे करावे की पुठ्ठ्याचे, आणि स्वतंत्र खोली किंवा यंत्रे नसताना हे काम लिहिण्याच्या टेबलावर होऊ शकते का. तिसऱ्याचे उत्तर आधी देतो, कारण ते सोपे आहे: होऊ शकते. मी गेली अनेक वर्षे हे काम टेबलावरच करतो आणि यंत्र म्हणावे असे माझ्याजवळ हातात धरायचे एक लहान ड्रिल तेवढे आहे. उरलेल्या दोन्ही गोष्टी मात्र प्रमाणावर, म्हणजे प्रतिकृती खऱ्या जहाजाच्या कितीपट लहान करायची यावर, अवलंबून असल्यामुळे सुरुवात तेथूनच करावी लागते.

बारकावे म्हटले की शेकडो चिमुकले भाग डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्षात प्रतिकृती खेळण्यासारखी दिसू लागते ती बहुधा जाडी चुकल्यामुळे. १:१०० या प्रमाणात नेहमीचा छपाईचा कागद, जो साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो, तो एक सेंटीमीटर जाडीच्या फळीएवढा ठरतो. शिडासाठी आपण घरातले तलम सुती कापड वापरले आणि ते ०.२ मिलिमीटर जाड असले, तर जहाजावर दोन सेंटीमीटर जाडीची गादी टांगल्यासारखे होते. त्यामुळे कोणताही भाग कापण्यापूर्वी व्हर्नियरने, म्हणजे बारीक मापे घेण्याच्या सरकत्या मोजपट्टीने, जाडी मोजून तिला प्रमाणाने गुणण्याची सवय लावून घ्यावी. या छंदात माझे सर्वांत अधिक वापरले गेलेले हत्यार म्हणजे तो व्हर्नियरच होय.

दोरांच्या बाबतीत एक फसगत जवळजवळ प्रत्येकाची होते. शिडांच्या काळातील इंग्रजी तक्त्यांत दोराचा आकार इंचांत दिलेला असतो, पण तो व्यास नसून परिघ असतो. नऊ इंची दोर म्हणजे सुमारे ७३ मिलिमीटर व्यासाचा दोर. १:६४ प्रमाणात त्यासाठी १.१ मिलिमीटरचा धागा पुरतो. नऊ इंच हा व्यास समजून धागा घेतला, तर तो तिपटीहून जाड होतो आणि डोलकाठी दोरखंडांनी जखडलेल्या कैद्यासारखी दिसते. माझ्या पहिल्या जहाजावर मी नेमके हेच केले होते; ते जहाज अजून कपाटावर आहे, फक्त त्याचे चांगले अंग भिंतीकडे नसून पाहुण्यांकडे आहे, एवढेच.

जहाज निवडताना प्रसिद्ध नावांच्या मोहात पडू नये. १७६५ साली पाण्यात उतरलेले ‘व्हिक्टरी’ हे इंग्रजी युद्धजहाज प्रत्येकाला करावेसे वाटते. ट्रफाल्गारच्या सागरी लढाईत त्यावर १०४ तोफा होत्या आणि प्रत्येक तोफेच्या गाड्याला चार चाके असतात, हा हिशेब एकदा करून पाहावा. १६२८ मध्ये पहिल्याच सफरीत बुडालेले आणि १९६१ मध्ये वर काढलेले स्वीडनचे ‘वासा’ याहून कठीण, कारण त्याच्या पिछाडीवर कोरीव मूर्तींची दाटी आहे आणि तेथे सुताराचे नव्हे, मूर्तिकाराचे काम लागते. पहिल्या खेपेस एका डोलकाठीची लहान नौका घ्यावी. फळ्या बसवणे, काठी निमुळती करणे, दोर ताणणे ही सगळी कामे तीतही असतात, फक्त प्रत्येक काम शंभरदा करावे लागत नाही. दोरांचा कंटाळा असेल तर डोलकाठ्यांशिवाय नुसता सांगाडाही करता येतो. सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्रजी नौदलासाठी केलेल्या अनेक प्रतिकृतींत पाण्याखालच्या भागाला फळ्याच मारलेल्या नाहीत, आतल्या फासळ्या उघड्या ठेवल्या आहेत, आणि त्या अपूर्ण वाटत नाहीत.

आता लाकूड की पुठ्ठा. माझे मत असे की ज्याला भाग कापण्याची सवय नाही त्याने पुठ्ठ्यापासून सुरुवात करावी, आणि ज्याला घाई आहे त्याने दोन्हींपासून दूर राहावे. पुठ्ठ्याचे भाग छापील कागदावरून कापतात, त्यामुळे ते चुकले तर पुन्हा छापून कापता येतात, धूळ होत नाही, आणि दारे, खिडक्यांच्या चौकटी, कठड्यांच्या पट्ट्या असे पातळ भाग कागदात जितके नेमके होतात तितके लाकडात होत नाहीत. उलट डोलकाठ्या, कठड्याचे गोल खांब आणि ज्यांवर दोरांचा ताण येतो ते सर्व भाग लाकडाचेच असावेत. गुंडाळलेल्या कागदाची डोलकाठी काही महिन्यांत हळूहळू वाकलेली मी पाहिली आहे. म्हणजे निवड एकाचीच करावी असे नाही. लाकडी जहाजावर कागदी चौकटी रंगवल्यावर ओळखूही येत नाहीत.

पुठ्ठ्याच्या जहाजाचा खरा शत्रू ओलावा आहे. पाण्यात मिसळणारा पांढरा गोंद सढळ हाताने लावला की बाहेरचे कवच आधी फुगते आणि वाळताना आखडून आतल्या छेदांवर, म्हणजे जहाजाला आकार देणाऱ्या आडव्या तुकड्यांवर, ताणले जाते. मग हडकुळ्या गुराच्या बरगड्या दिसाव्यात तसे छेद बाहेरून मोजता येतात. यावर उपाय म्हणून छेदांवर आधी पातळ पुठ्ठ्याचे एक अस्तर बसवावे, ते घासून सारखे करावे आणि शेवटचा छापील थर त्यावर अगदी थोड्या, शक्यतो पाणी नसलेल्या गोंदाने चिकटवावा. कापलेल्या पांढऱ्या कडा चिकटवण्याआधीच रंगवाव्यात, आणि पाते बोथट होण्याची वाट न पाहता बदलावे.

लाकडी सांगाड्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण जहाज बिघडते ते येथेच. सर्वसाधारण पद्धतीत प्लायवूडच्या कण्याला खाचा पाडून त्यांत आडवे छेद उभे करतात आणि छेदांवरून फळ्या नेतात. नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, जहाज निमुळते होत असल्याने तेथील छेदांच्या कडा तिरप्या घासाव्या लागतात. सरळ कडेवर फळी टेकली तर ती रेषेवर टेकते, पृष्ठावर नाही. किती घासायचे हे डोळ्यांनी ठरवू नये. एक मिलिमीटर जाडीची लांब, लवचिक पट्टी घ्यावी, ती चार-पाच छेदांवर बोटांनी अलगद दाबून धरावी आणि सांगाडा दिव्यासमोर न्यावा. एखाद्या छेदाशी पट्टीखालून उजेड दिसला तर तो छेद खोल आहे, तेथे कागदाची चीप चिकटवावी. पट्टी एखाद्या छेदावर उचलली जाऊन कोपर केल्यासारखी वाकली तर तो छेद उंच आहे, तेथे पॉलिशपेपर फिरवावा. ही पट्टी वरपासून कण्यापर्यंत बोटाबोटाच्या अंतराने सरकवत न्यायची. मला या कामाला दोन-तीन आठवडे लागतात आणि त्या काळात टेबलावर पाहण्यासारखे काहीच नसते.

फळ्या बसवताना नवशिक्याला वाटते की पट्टी सगळीकडे सारख्याच रुंदीची ठेवून चालेल. चालत नाही, कारण जहाजाचा घेर मध्यभागी मोठा आणि नाळेशी लहान असतो. कागदाची पट्टी छेदावर गुंडाळून दोन्ही ठिकाणी माप घ्यावे. मध्यभागी ९६ मिलिमीटर आणि नाळेशी ६० मिलिमीटर आले, तर ४ मिलिमीटरच्या २४ फळ्या मध्यभागी बसतील आणि नाळेशी प्रत्येक फळी २.५ मिलिमीटरपर्यंत निमुळती करावी लागेल. फळी निम्म्याहून अधिक अरुंद होऊ लागली तर दोन फळ्यांची मिळून एक करावी. सुईसारखे टोक ठेवू नये. खऱ्या जहाजावर तशा टोकात खिळा धरला नसता आणि फळी तेथेच चिरली असती. पिछाडीला उलट प्रकार होतो, तेथे घेर वाढला तर पाचरीसारखा तुकडा घालावा. वळणाची फळी पाण्यात भिजवून गरम सळईवर वाकवावी, पूर्ण वाळू द्यावी आणि मगच चिकटवावी, कारण ओली फळी वाळताना अरुंद होते आणि फट पडते.

आणखी एक. उजव्या बाजूला एक फळी लावली की लगेच डाव्या बाजूला तिची जोडीदार लावावी. मी एकदा उत्साहाच्या भरात एक बाजू पूर्ण करून टाकली. दुसऱ्या दिवशी सांगाडा सपाट फळीवर ठेवला तेव्हा कणा धनुष्यासारखा एका अंगाला वाकला होता. तो सरळ करण्याचा उपाय मला सापडला नाही. सांगाडा मोडून नवा केला.

लाकूड बारीक आणि एकसारख्या पोताचे असावे. नासपती आणि बॉक्सवूड उत्तम, लाइमवूड वाकायला सोपे. खरी जहाजे ओकची असली तरी प्रतिकृतीत ओक वापरू नये, त्याच्या रेषा या आकाराला फार ठळक दिसतात. बाल्सा नखाने दबतो, तो फक्त आतल्या भरावासाठी ठीक.

डोलकाठी गोल दांडी विकत घेऊन करण्याऐवजी चौकोनी काठीपासून करावी: आधी चारही बाजू निमुळत्या, मग आठ बाजू, मग गोल. अशी काठी निमुळती होतानाही मध्यरेषेवर सरळ राहते आणि रेषाही तिच्या लांबीला धरून असतात.

दोरांचे दोन वर्ग ध्यानात ठेवावेत. डोलकाठी उभी धरणारे दोर डांबर लावलेले असत, म्हणून गडद. शिडे व आडव्या काठ्या हलवणारे दोर फिके. गडद दोर अगदी काळा न घेता काळसर तपकिरी घेतला तर अधिक खरा वाटतो. धागा मधमाश्यांच्या मेणातून ओढला की त्याची लव बसते. बाजूचे दोर एकाआड एक, उजवीकडचे व डावीकडचे बांधावेत, अन्यथा डोलकाठी झुकते. त्यांवरील शिडीच्या पायऱ्या साधारण ३३ सेंटीमीटर अंतरावर असत, म्हणजे १:६४ प्रमाणात पाच मिलिमीटर. तेवढ्या अंतराच्या रेषा आखलेला कागद दोरांमागे उभा करावा आणि प्रत्येक गाठ रेषेवर मारावी. गाठ आवळताना हात जड झाला की कडेचे दोर आत ओढले जातात आणि शिडीला डमरूसारखी कंबर येते. दर सहा-सात पायऱ्यांनंतर दूर सरून पाहावे.

शिडे लावलीच पाहिजेत असे नाही. लावायची असतील तर पातळ टिकाऊ कागदाची, फिकट रंगाचे दोन हात दिलेली आणि शक्यतो गुंडाळून बांधलेली लावावीत. गुंडाळताना शीड पूर्ण उंचीचे घेऊ नये, तिसरा हिस्सा पुरतो, नाहीतर वळकटी फार जाड होते.

काचेची पेटी मात्र आवश्यक आहे, कारण दोरांत बसलेली धूळ कोणत्याही ब्रशने निघत नाही. पेटीचे माप जहाज पूर्ण झाल्यावर, बैठकीसकट घ्यावे. मी ते नकाशावरून घेतले होते आणि बैठकीची उंची धरायला विसरलो. पेटी आली तेव्हा डोलकाठीचे टोक सहा मिलिमीटर वर होते, आणि त्या पेटीत आता माझी हत्यारे असतात.