जंगल मुळात कोरडं आहे

प्रश्न आला आहे तो असा: भूगोलातल्या 'बायोम'ला मराठीत काय म्हणायचं, आणि आफ्रिकेतल्या सव्हानाला 'गवताळ जंगल' म्हटलं तर चालेल का? विचारणाऱ्यांच्या मुलीने तसं लिहिलं आणि शिक्षकांनी लाल रेघ मारली.

बायोमला जीवसंहती म्हणतात. शब्द रुळलेला आहे, तोच वापरा. तिला परिसंस्था (इकोसिस्टिम) म्हणू नका. गावाबाहेरचं तळंही परिसंस्था असतं. जीवसंहती म्हणजे टुंड्रा, तैगा, वाळवंट असा हवामानाने आखून दिलेला मोठा पट्टा. आता लाल रेघेकडे येतो, कारण ती मला मान्य नाही.

मागच्या पावसाळ्यात येवला तालुक्यात एका वृक्षारोपणाला गेलो होतो. वक्ते म्हणाले, "या ओसाड माळाचं आपल्याला जंगल करायचंय." टाळ्या पडल्या. उभे होतो तिथे मारवेल पोटरीपर्यंत आलं होतं, चंडोल वर चढत गात होता, आणि कुदळी त्याच गवतात खड्डे काढत होत्या. ओसाड? हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता राग येतो. तो माळ जंगलच होता!

संस्कृतातला मूळ शब्द 'जांगल'. आयुर्वेदाच्या जुन्या संहितांनी भूमीचे तीन प्रकार केले: जांगल, आनूप आणि साधारण. जांगल म्हणजे पाणी थोडं, आकाश मोकळं, वारा खेळता, झाडं विरळ: खैर, बोर, शमी. पाणथळ, दाट, कफ वाढवणारा प्रदेश तो आनूप. जांगल प्राण्यांच्या यादीत एण येतो, आणि एण म्हणजे आपला काळवीट. माती, पाऊस, झाडं, जनावरं, माणसाची प्रकृती हे सगळं एका सूत्रात ओवून प्रदेश ओळखायचा, याला जीवसंहतीचा विचार नाही तर काय म्हणायचं? माझं तर ठाम मत आहे की नवा शब्द घडवायला बसण्याआधी जांगल आणि आनूप हे दोन शब्द बाहेर काढायला हवे होते.

आपल्या नाशिक जिल्ह्यात हे दोन्ही प्रदेश प्रत्यक्ष बघता येतात. नांदूरमधमेश्वर आनूप. २०२० साली रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या यादीत, जाहीर झालेलं राज्यातलं पहिलं पाणथळ. तिथून पूर्वेला येवल्याच्या मामदापूर-राजापूरकडे निघा, गवत आणि काळविटांचे कळप लागतात. ते अस्सल जांगल.

मग अर्थ फिरला कसा? न कसलेली जमीन, मग तिच्यावरचं झुडूप, मग दाट झाडी, असा तो सरकत गेला. अठराव्या शतकात इंग्रजांनी शब्द उचलला आणि पुढे ॲमेझॉनच्या वर्षावनालाही लावला. म्हणजे कोरड्या माळाचं नाव ओल्याचिंब रानाला! 'जंगल' फारसीतून आलं असं ठासून सांगणारे भेटतात. उलट आहे. फारसीने ते इकडून नेलं. मराठीत तर जुना अर्थ परवापर्यंत जिवंत होता. जुलै १९३० मध्ये लोकनायक बापूजी अणे यांनी विदर्भातल्या पुसदला इंग्रजांच्या जंगल कायद्याविरुद्ध जंगल सत्याग्रह केला, तेव्हा कापलं ते गवत.

'रान'ही तसंच. अरण्य, प्राकृतात रण्ण, मग रान. पण "दादा रानात गेलेत" म्हटल्यावर येवल्यात कोणी दादांना झाडीत शोधत नाही, शेतात जातो. माळरान, गायरान यांत झाड कुठे आहे? जंगल किंवा रान म्हणजे झाडंच, ही समजूत अलीकडची, आणि ती महागात पडते. काळवीट लांडग्याला लांबून हेरतो आणि पळून जीव वाचवतो. त्याला मोकळी नजर लागते. त्या माळावर गिरिपुष्पाच्या रांगा लावल्या की लपायला जागा होते, सावलीत गवत मरतं, आणि गवतावर जगणारा प्राणी तिथून उठतो.

मुलीला सांगा, आजच्या वापरात सव्हानाला गवताळ प्रदेश किंवा माळरान लिही, परीक्षेत तेच चालतं. पण 'गवताळ जंगल' लिहिलं म्हणून तिचा गुण कापायचं कारण नव्हतं.