वाळवंटात एकट्याने ट्रेलर नेताना

अमेरिकेतील वाळवंटी दक्षिण ॲरिझोनात प्रथमच एकट्याने कॅम्पर ट्रेलर (गाडीमागे जोडून ओढायचे, राहण्याची सोय असलेले वाहन) नेणार असाल, तर नोव्हेंबर ते मार्च हा काळ निवडावा. माणशी दिवसाला किमान ४ लिटर पाणी धरावे आणि राखीव साठा ट्रेलरच्या टाकीत न ठेवता कॅनमध्ये भरून गाडीतच ठेवावा, कारण ट्रेलर वाळूत रुतून मागे सोडावा लागला तरी ते पाणी तुमच्याजवळ राहते. कोरड्या ओढ्याचे पात्र कितीही सपाट दिसले, तरी तिथे मुक्काम मुळीच करू नये. दूरच्या डोंगरात पडलेल्या पावसाचा लोंढा निरभ्र आकाशाखालीही येतो. कच्च्या वाटेवर वळण्यापूर्वी उतरून पायी पुढे जावे आणि ट्रेलर वळवण्याइतकी जागा आहे का, हे पाहावे, कारण मागे घेताना खुणा करायला सोबत कोणी नसते. मार्ग आणि परतीची वेळ घरी कळवूनच निघावे.