अंतरपाट दूर होण्याआधी : पहिल्यांदाच लग्नाचे फोटो काढणाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं

तुळशीचं लग्न झालं की माझ्याकडे एकाच तऱ्हेचे प्रश्न येऊ लागतात. घरात कॅमेरा असतो, घरातच लग्न ठरलेलं असतं आणि कोणीतरी म्हणून गेलेलं असतं, "आपला हा काढतो की छान फोटो!" यंदा आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडून उत्तरं देतो आहे.

मे महिन्यात सांगलीला मावसबहिणीचं लग्न आहे. माझ्याकडे दोन वर्षांपासून कॅमेरा आहे, त्याच्यासोबत आलेली १८-५५ लेन्स आहे. मावशी म्हणते, बाहेरचा फोटोग्राफर कशाला, तूच काढ. हो म्हणू का?

पहिल्या लग्नाची सगळी जबाबदारी एकट्यानं अंगावर घेऊ नये, हे माझं स्पष्ट मत आहे. तुमच्या हातात कला नाही असं मी म्हणत नाही. पण देवळातला फोटो बिघडला तर उद्या पुन्हा जाता येतं, मंगळसूत्र पुन्हा घालायला लावता येत नाही. मावशीजवळ निवांत बसून बोला. खर्चाचा प्रश्न असेल तर मुहूर्तापासून पंगतीपर्यंतच्या चार-पाच तासांपुरता एक फोटोग्राफर सांगा. केळवण, हळद, मेंदी, घरातली लगबग आणि दुसऱ्या दिवशीचा गृहप्रवेश तुम्ही घ्या. हे फोटो घरचा माणूस जास्त चांगले काढतो, कारण त्याच्यासमोर कोणी अवघडत नाही.

तरीही सगळं तुमच्यावरच आलं, तर आधी एक गोष्ट मनाशी मान्य करा : त्या दिवशी तुम्ही पाहुणे नाही. बहिणीवर अक्षता टाकायला तुमचा हात मोकळा नसेल.

सामानाचं म्हणाल, तर ५० मिलीमीटर एफ/१.८ ही लेन्स विकत घ्या किंवा कोणाची तरी आणा. एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते. तुमची १८-५५ लेन्स ५५ वर नेली की एफ/५.६ पलीकडे उघडत नाही. एफ/१.८ वर तिच्या जवळजवळ दहापट उजेड आत येतो. कार्यालयातल्या अंधारात हा फरक फार मोठा आहे. मात्र तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे आतली फोटो टिपणारी चकती, लहान असेल तर या ५० च्या लेन्समध्ये बारा जणांचं कुटुंब मावणार नाही. त्यासाठी १८-५५ जवळ असू द्या. दुसरा कॅमेरा दोन दिवसांसाठी भाड्यानं मिळतो, तो घ्याच. पण त्याची बटणं लग्नाच्या सकाळी शोधत बसू नका, आठवडाभर आधी तो हातात फिरवा.

आणि सराव कुठे करायचा? घरातल्या किंवा शेजारच्या सत्यनारायणाच्या पूजेत. कमी उजेड, धूर, समईची ज्योत, खाली बसलेलं जोडपं, मध्ये गुरुजी, आजूबाजूला दाटीवाटी. लग्नातली प्रत्येक अडचण तिथे लहान प्रमाणात भेटते.

मी पंचवीस वर्षांची आहे. लग्नं पुष्कळ जेवले, पण विधींचा क्रम विचाराल तर सांगता येणार नाही. चुलतभावाच्या लग्नात कुठला क्षण कधी येईल हे कसं कळणार?

सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. माणसं महिनाभर लेन्सचा अभ्यास करतात आणि कानपिळी कधी असते हे कोणालाच विचारत नाहीत.

लग्न लावणाऱ्या गुरुजींना आठ दिवस आधी फोन करा. घराघरांत, जातीजातींत, देशावर आणि कोकणात क्रम बदलतो, म्हणून माझ्या यादीवर किंवा दुसऱ्या कोणाच्या यादीवर विसंबू नका. विचारा : सीमांतपूजन आदल्या रात्री आहे का? मुलगी गौरीहराशी किती वाजता बसेल? अंतरपाट कोण धरणार आणि कुठल्या बाजूला ओढणार? होम स्टेजवर की खाली? असं विचारणारा माणूस गुरुजींना आवडतो. मग ऐन वेळी तेच "इकडे उभे राहा" म्हणून खूण करतात.

गौरीहराला मुलगी मामाकडची पिवळी साडी नेसून एकटी बसलेली असते. सगळी गर्दी बाहेर मुलाकडच्यांच्या सरबराईत गुंतलेली. संपूर्ण दिवसात तिचा चेहरा एवढा शांत पुन्हा दिसत नाही. तिथे फ्लॅश बंद ठेवा आणि खिडकी असेल तर खिडकीच्या उजेडात काढा.

मंगलाष्टकांच्या वेळी तुमची जागा अंतरपाटाच्या रेषेत, बाजूला. तिथून कापडाच्या एका अंगाला मुलगा आणि दुसऱ्या अंगाला मुलगी, दोघंही एका चौकटीत येतात. व्हिडिओवाल्यालाही हीच जागा हवी असते, म्हणून त्याच्याशी आधीच बोलून ठेवा. सुरुवातीची मंगलाष्टकं नातेवाईक हौसेनं म्हणतात, कोणी स्वतः रचूनही आणतात. तोवर हाताशी वेळ असतो. मुलीमागे उभा असलेला मामा, पहिल्या रांगेतल्या आज्या, मुठीत अक्षता घट्ट धरून बसलेली पोरं यांचे फोटो तेव्हा घ्या. "तदेव लग्नं सुदिनं तदेव" कानावर पडलं की मात्र कॅमेरा डोळ्याला लावायचा आणि खाली घ्यायचा नाही. हा श्लोक शेवटाजवळ येतो. त्यानंतर अंतरपाट जातो, वाजंत्री सुरू होते आणि सगळा मांडव पुढे सरकतो.

माझ्या पहिल्या लग्नातली गोष्ट सांगतो. फिल्मचे दिवस होते, ३६ फोटोंचा रोल. मंगलाष्टकं म्हणणाऱ्या एका मामींचे मी आठ फोटो काढले आणि अंतरपाट हलला तेव्हा रोल संपला होता. नवा रोल भरेपर्यंत हार घालून झाले होते. त्या घराच्या अल्बममध्ये तो फोटो आजही नाही. म्हणून सांगतो, मंगलाष्टकं सुरू होण्याआधी बॅटरी आणि कार्ड बदला, अर्धं शिल्लक असलं तरी.

लाजाहोमात मुलीच्या भावावर नजर ठेवा. लाह्या देऊन झाल्या की तो नवऱ्या मुलाचा कान पिळतो. दोन सेकंदांचा खेळ असतो आणि सगळे त्याच वेळी हसतात. होमाच्या धुरासाठी पंखा कुठल्या दिशेला आहे ते पाहून ठेवा आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे राहा. सप्तपदीला जमिनीलगत बसा, तांदळाच्या सातव्या राशीच्या पुढे, म्हणजे पावलं तुमच्याकडे चालत येतील.

मुंडावळ्यांचं एक लक्षात ठेवा. मोत्यांच्या सरी डोळ्यांच्या अगदी शेजारी लोंबत असतात आणि कॅमेरा हमखास त्यांच्यावर फोकस करतो. एफ/१.८ वर फोकसमध्ये येणारा पट्टा फार अरुंद असतो, त्यामुळे मोती लख्ख आणि डोळे धूसर असे फोटो येतात. कॅमेऱ्याच्या पडद्यावर ते बरे वाटतात, घरी मोठे करून पाहिले की चूक कळते. अशा वेळी एफ/२.८ किंवा एफ/४ वर या आणि फोकसचा ठिपका स्वतः डोळ्यावर ठेवा.

आणखी एक फोटो आहे, जो कोणी काढायला सांगत नाही. काही घरांत मुलीच्या आईनं लग्न लागताना पाहायचं नसतं. आत मंगलाष्टकं चालू असताना ती तुळशीला पाणी घालत असते. कार्यालयात तुळस म्हणजे बहुधा मागच्या दाराशी ठेवलेली एक कुंडी. तुमच्या घरात ही रीत असेल तर कोणातरी चुलतभावंडाला मोबाइल देऊन त्या वेळी तिथे उभं करा. मी एकदा असा फोटो काढवून घेतला होता : हातात तांब्या, पाठमोरी आई, कानांनी आतलं सगळं ऐकणारी. त्या मुलीनं संपूर्ण अल्बममधला तो एकच फोटो भिंतीवर लावला.

नागपूरला मित्राचं बौद्ध पद्धतीनं लग्न आहे. तिथे अंतरपाट, होम काही नसेल. मग तयारी काय करू?

विधी आटोपशीर असतो, त्यामुळे चुकलेलं भरून काढायला वेळ कमी मिळतो. तथागत बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांना पुष्पहार, मेणबत्ती-अगरबत्ती, त्रिशरण-पंचशील, वधूवरांच्या प्रतिज्ञा, हार आणि जयमंगल अष्टगाथा सुरू असताना होणारी फुलांची उधळण, असा साधारण ओघ असतो. नेमका क्रम विधी लावणाऱ्या भन्तेजींना किंवा बौद्धाचार्यांना विचारून घ्या. प्रतिमा आणि जोडपं एकाच चौकटीत येईल अशी जागा आधी हेरून ठेवा, त्या फोटोला घरात मान असतो.

तांत्रिक अडचण आहे ती पांढऱ्या कपड्यांची. समोर बरंच पांढरं आलं की कॅमेरा फसतो आणि फोटो काळवंडवतो, कपडे राखाडी आणि चेहरे अंधारे. एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, दोन-तृतीयांश ते एक स्टॉप वाढवून ठेवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), पण कपड्यांवरचं जरीकाम पांढऱ्यात हरवत नाही ना, हे पडद्यावर तपासत राहा.

साखरपुड्यात सराव म्हणून फोटो काढले. निम्म्या फोटोंत आडवे काळे पट्टे आले आणि बाकीचे पिवळे. कॅमेरा बिघडलाय का?

कॅमेरा ठणठणीत आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. शटर १/१०० किंवा १/५० सेकंदावर ठेवलं की पट्टे बहुतेक जातात. तुम्ही आवाज नको म्हणून सायलेंट शटर लावलं होतं, असं तुमच्या पत्रात पुढे आहे. खरं कारण तेच : ते फोटो एकदम न टिपता ओळीओळीनं टिपतं, म्हणून दिव्याचं कमीजास्त होणं पट्ट्यांसारखं दिसतं. लग्नात ते बंद करा, सनईपुढे तुमच्या शटरचा आवाज कोणाला ऐकू येणार नाही. स्टेजमागच्या एलईडी पडद्याचं गणित वेगळं असतं, तिथे १/१०० लाही पट्टे येऊ शकतात. म्हणून आदल्या दिवशी कार्यालयात जा, सगळे दिवे लावायला सांगा आणि निरनिराळ्या शटरवर फोटो काढून पाहा.

पिवळेपणासाठी रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये काढा, म्हणजे रंग नंतर सुधारता येतो. हळदीच्या दिवशी मात्र सगळा पिवळेपणा धुऊन काढू नका. पिवळ्या मांडवाखाली चेहऱ्यावर येणारा तो रंग खरा आहे.

फ्लॅश असेल तर तो छताकडे वळवण्याआधी वर पाहा. पांढरं, दहा-बारा फुटांवरचं छत असेल तर सुंदर मऊ उजेड खाली येतो. लाल कापडाचा मांडव असेल तर सगळी वऱ्हाडी मंडळी लाल होतील.

कुटुंबाच्या ग्रुप फोटोंची मला सगळ्यांत जास्त धास्ती आहे. कोणी राहिलं तर आयुष्यभर ऐकावं लागेल.

धास्ती रास्त आहे. घरातली एक आत्या किंवा काकू शोधा, जिला दोन्हीकडची नाती तोंडपाठ आहेत आणि जिचा आवाज मोठा आहे. तिच्याबरोबर बसून यादी करा, पंधरा ग्रुपांच्या वर जाऊ नका. लग्नात हाका मारायचं काम तिचं, तुमचं नाही. वयस्कर मंडळींचे फोटो आधी घेऊन त्यांना जेवायला मोकळं करा. मोठ्या ग्रुपला एफ/५.६ ठेवा, नाहीतर मागची रांग धूसर होते. प्रत्येक ग्रुपचे किमान चार फोटो काढा, कोणाचे तरी डोळे मिटलेले असतातच. आणि मुलीकडचे फोटो मुलाकडच्यांच्या आधी झाले की नंतर, यावरूनही रुसवे होतात. तो क्रम मोठ्यांनाच ठरवू द्या.

मुख्य फोटोग्राफर वेगळा आहे. मी हौसेनं काढणार आहे. त्याला राग येईल का?

त्याच्या पुढ्यात उभे राहिलात तर येईल, आणि तो योग्यच असेल. सकाळीच जाऊन ओळख करून घ्या. तो स्टेजकडे पाहत असेल तेव्हा तुम्ही स्टेजकडे पाठ करून माणसांकडे पाहा.

लग्नानंतर दोन हजार फोटो जमले आहेत. किती द्यायचे, एडिटिंग किती करायचं? आणि मी ते माझ्या इन्स्टाग्रामवर टाकू शकते का?

आधी दोन प्रती करा, एक लॅपटॉपवर आणि एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर. दोन्ही उघडून पाहिल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नका. मी तर फोटो लग्नघरी पोचेपर्यंत कार्ड तसंच ठेवतो.

द्या तीनशे-चारशे. एकाच हसण्याचे सात फोटो दिलेत तर त्यातला चांगला कुठला, हे शोधायचं काम तुम्ही त्यांच्यावर ढकललंत.

एडिटिंगमध्ये माझा एकच आग्रह आहे, आणि तो मी प्रत्येक शिकणाऱ्याकडे धरतो : नवरीला गोरी करू नका. कोणी सांगितलं तरी नको. दिव्यामुळे आलेला पिवळा-हिरवा रंग काढा, डोळ्यांखालची सावली थोडी उचला, ते ठीक. पण सावळ्या मुलीचा चेहरा उजळवून तिच्या हाती दिलात, तर "तू आहेस तशी फोटोत शोभली नसतीस" असंच तुम्ही तिला सांगता, तेही तिच्या लग्नाच्या अल्बममध्ये. सावळ्या कातडीवर हळद आणि हिरवा चुडा इतका खुलतो की नीट एक्स्पोज केलेल्या फोटोला काहीच करावं लागत नाही.

इन्स्टाग्रामचं म्हणाल, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कोणी मोबदला देऊन फोटो काढून घेतले असतील आणि वेगळा करार नसेल, तर हक्क मोबदला देणाऱ्याचा असतो. तुम्ही काही घेतलं नसेल तर हक्क तुमचा. तरी दोघांना विचारल्याशिवाय टाकू नका. पाठवणीच्या वेळी रडणारा बाप चारचौघांत दाखवायचा की नाही, हे त्या घरानं ठरवायचं.

आणि सगळं पेन ड्राइव्हवर देऊन मोकळे होऊ नका. दहा-बारा फोटोंचे ६ बाय ८ चे प्रिंट काढा आणि ज्या आजीला मोबाइल चालवता येत नाही तिला स्वतः नेऊन द्या. पाठीमागे पेन्सिलीनं नावं आणि तारीख लिहा, शाईचा डाग पुढच्या बाजूला उमटतो.