वाचक विचारतात : त्या पाठमोऱ्या फोटोतली बाई

प्रश्न : ताई, कॉलेजच्या वार्षिकांकासाठी दुसऱ्या महायुद्धातल्या पिन-अप फोटोंवर (सैनिक भिंतीवर लावायचे ते नट्यांचे फोटो) लेख लिहायलोय. हॉलिवूडची नटी बेटी ग्रेबल, तिचं जन्मसाल एकीकडं १९१६ अन् दुसरीकडं वेगळंच दिसायलंय. तो पाठमोरा फोटो ती पोटुशी होती म्हणून तसा काढला म्हणे, अन् पायांचा दहा लाख डॉलरचा विमा होता म्हणे. यातलं काय ठेवू?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : १९१६ बिनधास्त लिहा. १८ डिसेंबर १९१६, गाव सेंट लुईस. घोळ आईमुळं झालाय. आपल्याकडं गुरुजींनी लावून दिलेल्या १ जूनवर निम्म्या गावाचा वाढदिवस असतो ना, तसं हिचं वय आईनं लावून दिलेलं, फक्त आईला पोरगी लवकर सिनेमात घालायची घाई होती, म्हणून बारा-तेराची पोर जास्त वयाची सांगून कोरसमधे नाचायला उभी केली, पुढं ते उघडं पडलं अन् काम गेलं. म्हणून स्टुडिओनं छापलेल्या वयावर जाऊच नका. अमेरिकेत जनगणनेची पानं ७२ वर्षांनी सगळ्यांना खुली होतात, त्यातलं १९२० चं बघा. तेव्हा ती तीन वर्षांची, खोटं वय सांगून कुणाला काय मिळणार होतं?

पोटुशीचं मात्र खोडाच. फोटो फ्रँक पोवोल्नीनं फॉक्स स्टुडिओसाठी काढला, १९४३ च्या सुरवातीला. बँडवाल्या हॅरी जेम्सशी तिचं लग्न जुलै १९४३ मधे अन् थोरली मुलगी मार्च १९४४ ची. मार्चपासून मागं नऊ महिने मोजा, जून येतो, मग फोटोच्या वेळी पोट कुठून आलं? एवढा साधा हिशोब कुणी करत नाही अन् गोष्ट मात्र चवीनं सांगतात.

विम्याचं लिहायचंच तर स्टुडिओनं जाहिरातीसाठी गाजवलेला असं लिहा, आकडाही त्यांच्याच तोंडचा.

लग्नं दोन, आधीचं नट जॅकी कूगनशी, १९३७ चं, फार टिकलं नाही. वारली २ जुलै १९७३ ला, फुफ्फुसाच्या कॅन्सरनं, ५६ व्या वर्षी.

अन् फोटो छापताना नीट बघा बरं का, पलंगावर गुडघे टेकून बसलेली ती दुसरी नटी, रिटा हेवर्थ, तो फोटो १९४१ चा, लाइफ मासिकातला. पांढरा स्विमसूट घालून खांद्यावरून मागं बघणारी ती बेटी.